पाच नाणी आणि वर एक

आधी चहा संपवा. मधेच ठसका लागला तर खापर पुन्हा माझ्याच डोक्यावर फुटायचं, आणि या गावात आजारपण आणि मी यांचं नातं आधीच फार बदनाम झालंय.

हसा, हसा. चुका कुणाच्या होत नाहीत? आमचा मेहुणा एकदा चुकीच्या कार्यालयात शिरला, भलत्याच लग्नात आहेर केला, जेवला आणि वऱ्हाडाला पानं वाटून घरी आला. पण त्याची चूक कार्यालयातच संपली. माझी समुद्रापलीकडं गेली, तिथं मुक्काम केला आणि परत माझ्या दारात येऊन उभी राहिली!

गोष्ट नव्वदच्या पुढच्या सालांतली. मी तेव्हा आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फौंड्रीत पॅटर्न मेकर होतो. म्हणजे यंत्राचा जो भाग ओतायचा, त्याचा आधी लाकडी नमुना करायचा. तो मातीत दाबला की साचा, आणि साच्यात धातूचा रस. आमचे मालक बसाप्पा अण्णा मूळचे निपाणीकडचे. घरी कानडी, कारखान्यात मराठी आणि राग आला की दोन्ही एकदम.

आणि मला छंद होता जुन्या जपानी नाण्यांचा.

हो हो, जपानीच! मंगळवार पेठेत राहून जपानी. गल्लीतली माणसं म्हणायची, "दत्ता, शिवराई गोळा कर की लगा. आपल्या महाराजांची हाय." खरं आहे. पण माझंही एक कारण होतं. एकदा भट्टीत जाणाऱ्या पितळी भंगारात मला एक नाणं दिसलं. गोल, मधे चौकोनी भोक, भोकाच्या चार बाजूंना चार अक्षरं. मी सवयीनं त्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि अंगावर काटाच आला. कडेला कानस मारलेली! म्हणजे हे नाणं ठोकून केलेलं नव्हतं, आमच्यासारखं मातीच्या साच्यात ओतलेलं होतं. दोन-तीनशे वर्षांपूर्वी जपानात कुणीतरी माझ्यासारखाच माणूस नमुना कोरत बसला असणार. मला तो थेट गेल्या जन्मीचा भाऊ वाटला.

झालं. तिथून जे वेड लागलं ते लागलं. मुंबईच्या व्यापाऱ्याला मनिऑर्डर कर, पुण्याच्या प्रदर्शनाला जा, रद्दीवाल्याकडं फेऱ्या मार. एक जुनं कॅटलॉग मिळवलं होतं, तेच माझं पोथीपुराण. गल्लीत माझं नाव पडलं 'जपानी'. आणि आमची बायको सुमन येईल त्या बाईला सांगायची, "घरात मिक्सर घ्याला पैसं न्हाईत आणि ह्ये पैसं देऊन भोकं गोळा करत्यात!"

त्या भोकवाल्या नाण्यांचं मूल्य होतं एक मोन. मोन म्हणजे जपानचा जुना पैसा म्हणा. माझ्याकडं बरीच जमली होती. बहुतेक साधी, पण काही खरोखर दुर्मिळ. त्यातलं एक म्हणजे माझा जीव की प्राण. त्याच्या पाठीवर एक जादा अक्षर होतं, आणि ती जातकुळी म्हणे एका भव्य बुद्धमूर्तीचा धातू वितळवून ओतलेली. खरंखोटं बुद्धाला ठाऊक. मी मात्र ते नाणं बघायच्या आधी हात धुवायचो.

नव्हतं ते फक्त एक. तेनपो! लांबट, अंड्याच्या आकाराचं, चांगलं दोन बोटं रुंद, मधे तेच चौकोनी भोक. एक तेनपो म्हणजे शंभर मोन. कॅटलॉगात त्याच्या चित्रावर बोट फिरवून फिरवून मी त्या पानाला पार भोक पाडत आणलं होतं. अल्बममध्ये त्याची जागा राखून ठेवली होती, पाहुण्यासाठी पाट मांडून ठेवावा तशी.

आणि एक दिवस ते आमच्या कारखान्यात चालत आलं.

झालं असं की आमचं ओतकाम बघायला जपानहून एक साहेब आले, हिरानोसान. साठीचे, शिडशिडीत, आवाज इतका हळू की भट्टी बंद केल्याशिवाय ऐकू येऊ नये. सारखे कमरेत वाकायचे. सोबत पुण्याच्या दुभाषी मॅडम होत्या. दुपारी जेवताना साहेबांनी खिशातून किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या, आणि माझ्या हातातला भाकरीचा तुकडा ताटात पडला. किल्ल्यांच्या कडीत तेनपो!

"मॅडम, त्यांना विचारा की. हे खरं हाय काय?"

मॅडमनी विचारलं आणि म्हणाल्या, "खरं आहे. त्यांच्या आजोबांचं आहे. नेहमी जवळ बाळगतात."

मी दुसऱ्या दिवशी माझा अल्बम घेऊन गेलो. आणि काय सांगू, त्या माणसानं प्रत्येक नाणं कडेनं धरून असं बघितलं, जणू नव्या सुनेनं सासरी आल्यावर पहिल्यांदा माहेरचा फोटो बघावा. पाठीवर अक्षर असलेलं नाणं पाहून तर ते चक्क उभे राहिले. हिंदुस्थानात, कोल्हापुरात, एका पॅटर्नवाल्याकडं हे! मॅडमना गंमत वाटली. जाता जाता त्या मला म्हणाल्या, "यांच्याकडे एक रीत आहे बरं का. कुणी भेट दिली की परतभेट द्यावीच लागते. नाही दिली तर चैन पडत नाही त्यांना."

एवढंच वाक्य. मॅडम ते बोलून रात्रीच्या गाडीनं दोन दिवसांसाठी पुण्याला निघून गेल्या, आणि माझ्या डोक्यात भट्टी पेटवून गेल्या. भेट दिली की परतभेट. आपण चांगली भेट दिली तर परतभेट काय येईल? किल्ल्यांच्या कडीत काय आहे?

लोभ, दुसरं काय. कितीही गोड शब्दांत सांगा, लोभच तो.

पण आधी पाहुणचार. त्या संध्याकाळी मी साहेबांना स्कूटरवर घालून दुधाच्या कट्ट्यावर नेलं. आपल्याकडं कसं, म्हैस रस्त्यात उभी, समोर धार काढायची आणि फेसासकट पेला तोंडाला. आमचे रंगामामा, म्हणजे गल्लीतले सगळ्यांचेच मामा, त्यांच्या तीन म्हशी तिथं उभ्या असायच्या.

"पावणं कुठलं रं, जपानी?" मामांनी विचारलं.

"जपानचं, मामा. खरंखुरं जपानी."

"आयला! मग वर घालाय पायजे की!"

आता हे 'वर' तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडं मोजून दिलेलं म्हणजे दिलंच नाही. लिटरभर दूध मापलं की वर एक धार. पाच कणसं घेतली की वर एक. नुसतं मापात देणारा माणूस दुकान बंद करून गगनबावड्याला राहायला जातो, कारण गावात त्याला कोण विचारत नाही. तर मामांनी एक पेला दिला, साहेबांनी डोळे मिटून तो संपवला आणि आभार मानायला कमरेत वाकले. मामांना वाटलं, पेला पुढं करतायत.

"घ्या की! लाजताय कशापायी?" आणि वर एक पेला.

साहेब तो प्याले. पुन्हा वाकले. पुन्हा पेला!

मी म्हणालो, "मामा, बास."

"तू गप. माणूस मागतोय आणि तू न्हाई म्हणतोस? कोल्हापूरची इज्जत हाय काय न्हाय?"

किती पेले झाले ते मी सांगत नाही. साहेबांना म्हशीच्या कोमट दुधाची सवय नव्हती, एवढंच सांगतो. सकाळी ते दवाखान्यात होते आणि हाताला सलाईन होतं.

अण्णांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "शिवा शिवा! दत्ता, ऑर्डर द्यायला आलेला मनुष्य रे तो. त्याला दूध पाजून आडवा केलास?"

"अण्णा, डॉक्टर म्हणालेत काळजीचं काही नाही. उद्या सकाळी घरी सोडतायत."

"मग जाऊन बघून ये संध्याकाळी. नीट बोल. गोड बोल."

गोड बोल! मला तेवढंच पाहिजे होतं. म्हटलं, हीच वेळ. आजारी माणसाचं मन मऊ असतं. घरी आलो, अल्बम काढला आणि चांगली पाच नाणी निवडली. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण समोर तेनपो दिसत होतं. भोकांतून लाल गोफ ओवला. जपानात पूर्वी नाणी अशीच दोऱ्यात ओवून ठेवत, हे कॅटलॉगात वाचलं होतं.

आई दारात उभी राहून बघत होती. "किती हाईत?"

"पाच."

"पाचच? मोजून देतोस व्हय रं पावण्याला? आपल्या दुदानं आजारी पडलाय त्यो. वर घाल एक."

"आई, अगं बाकीची साधी आहेत. शोभणार नाहीत."

"मग चांगलं घाल की. त्ये हात धुऊन बघतोस त्ये घाल."

मी अल्बम झटकन मिटला. पण मातेची आज्ञा आणि मनात लोभ! दोन्ही एकाच बाजूला ओढत असल्यावर माणूस कुठं टिकणार? बुद्धाचं नाणं गोफात गेलं. पाच आणि वर एक.

आई म्हणाली, "मी बी येतो." आमच्या आईचं बोलणं असंच, सगळं पुरुषी. तिनं जाता जाता पांढऱ्या शेवंतीचा घसघशीत हार घेतला, उदबत्तीचा पुडा घेतला आणि देवीचा अंगारा पदराला बांधला.

आता नीट लक्ष द्या. इथून पुढं मी जे जे केलं ते शुद्ध मनानं केलं.

खोलीत गेलो तर साहेब पडून होते, पण चेहरा टवटवीत. मला बघून हसले. आईनं पुढं होऊन हार गळ्यात घालायला बघितला, तर सलाईनची नळी आडवी आली. मग तिनं तो साहेबांच्या छातीवर नीट पसरून ठेवला. साहेबांचं हसू जरा कमी झालं. आईनं दोन उदबत्त्या पेटवून उशाशी ठेवलेल्या केळ्यात खोचल्या. साहेबांनी उदबत्तीकडं बघितलं, हाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. आईनं कपाळाला अंगारा लावला.

मॅडम नव्हत्या. म्हणजे सगळा कारभार माझ्या इंग्रजीवर!

मी दोन्ही हातांत गोफ धरून, त्यांच्यासारखाच कमरेत वाकून पुढं केला. साहेबांनी तो घेतला. नाणी एकेक करून बोटानं मोजली. पुन्हा मोजली. आणि चेहऱ्यावरचा रंग असा उतरला, की मला वाटलं सलाईन संपलं.

"सिक्स?" ते पुटपुटले.

"येस, सिक्स!" मी खूश होऊन म्हणालो. "फाइव्ह! अँड वन अप!" आणि 'वर' नीट कळावं म्हणून बोट वर केलं. थेट आढ्याकडं.

साहेबांनी माझ्या बोटाच्या दिशेनं वर बघितलं. बराच वेळ बघितलं.

मग हळूच विचारलं, "डॉक्टर... से?"

डॉक्टर काय म्हणाले ते मला ठाऊक होतंच. "येस येस! डॉक्टर से टुमारो! टुमारो मॉर्निंग! यू गो!"

"टुमारो," साहेब म्हणाले.

"नो पेन! हॅपी! यू गो होम." आता जपान समुद्रापलीकडं, हे कसं सांगायचं? मी दोन्ही हातांनी पाणी दाखवलं, पाण्यावरून नाव दाखवली आणि ती वल्हवत वल्हवत पलीकडच्या किनाऱ्याला लावली. "अदर साइड! गुड प्लेस! ऑल खर्च अण्णा!"

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं हो! त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, आईला बसल्या जागी वाकून नमस्कार केला आणि फोन मागितला. मी धावत खाली जाऊन आयएसडीची सोय केली. साहेब सलाईनची बाटली हातात धरून बूथपर्यंत आले. अगदी हळू आवाजात बायकोशी बोलले. मधेमधे गोफाकडं बघत होते. मला वाटलं, माझ्या नाण्यांचं कौतुक चाललंय.

आई म्हणाली, "माया किती हाय बघ त्यास्नी. नाण्यापायी रडाय लागलाय माणूस."

मी घरी आलो आणि अल्बममधली तेनपोची जागा ओल्या फडक्यानं पुसून ठेवली.

सकाळी फोन वाजला. अण्णा. दोन्ही भाषा एकदम.

"दत्ता! काय करून आलास रे तू? जपानहून फोन आलाय मला. विचारतायत, पार्थिव न्यायला माणसं किती पाठवू?"

"कुणाचं पार्थिव?"

"हिरानोंचं!"

"साहेब गेले?"

"कुठं जातोय? मी त्याच्यासमोर उभा आहे! बसून इडली खातोय! खातोय आणि रडतोय, रडतोय आणि खातोय. लगेच ये!"

मी पोचेपर्यंत दुभाषी मॅडमही पुण्याहून टॅक्सी करून आल्या होत्या; जपानहून त्यांना रात्रीच फोन गेला होता. त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहून एकेक वस्तू बघत होत्या. शेवंतीचा हार. केळ्यातल्या उदबत्तीच्या काड्या. साहेबांच्या मुठीतला लाल गोफ.

"हे सगळं कुणी आणलं?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो. अजून थोडा अभिमान शिल्लक होता.

"दत्ताजी, पांढरी शेवंती यांच्याकडे मयताला वाहतात."

अभिमान थोडा कमी झाला.

"उदबत्तीही त्याच वेळी. आणि ही नाणी." मॅडमनी खोल श्वास घेतला. "यांच्याकडे जुनी समजूत आहे. माणूस मेला की त्याला एक नदी ओलांडावी लागते. पलीकडे नेणारा नावाडी भाडं घेतो. ते भाडं प्रेताबरोबर ठेवतात. किती, माहीत आहे?"

मी मान हलवली. कॅटलॉगात किमती होत्या हो, रीतभात कुठं होती?

"सहा मोन."

अण्णांनी खुर्ची ओढली आणि बसले.

"ते म्हणतात, तुम्ही वर आकाशाकडे बोट दाखवलंत. डॉक्टरांनी उद्या सकाळची वेळ दिलीय म्हणालात. वेदना होणार नाहीत म्हणालात." मॅडमचा आवाज आता थरथरायला लागला होता, रागानं का आणखी कशानं ते कळेना. "आणि तुम्ही नाव वल्हवून दाखवलीत?"

"...व्हय," मी म्हणालो. "आणि पलीकडं लावली."

"शिवा शिवा शिवा," अण्णा म्हणाले.

साहेबांना वाटलं होतं, डॉक्टरांनी त्यांच्यापासून लपवलं आणि आम्हाला सांगितलं. आणि ही साधी, मायाळू माणसं त्यांच्याच देशाची रीत शोधून, अस्सल जुनी नाणी देऊन त्यांना निरोप द्यायला आली. रात्रभर त्यांनी शांतपणे तयारी केली होती. बायकोला सांगितलं होतं, इथली माणसं फार चांगली आहेत, खर्चसुद्धा तेच करतायत!

मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तेनपो गेलं खड्ड्यात, या माणसाला एक रात्र मी जिवंतपणी मारला होता. मी मॅडमना हात जोडून म्हणालो, "त्यांना सांगा, आम्ही पाचच आणली होती. आमच्यात मोजून देत नाहीत, वर एक घालतात. जास्तीची माया म्हणून. त्या एकानं घात केला बघा."

मॅडम बराच वेळ बोलत होत्या. 'वर'ला जपानीत शब्दच सापडेना असं दिसलं, कारण त्या हातांनी काहीतरी ओतून ओतून दाखवत होत्या. साहेब गंभीरपणे ऐकत होते. मग त्यांनी एकच छोटा प्रश्न विचारला.

मॅडमनी ओठ चावला. "ते विचारतायत, परवाचं दूध... तेही वरच होतं का?"

"पहिला पेला सोडून सगळं," मी म्हणालो.

आणि साहेब हसले! तो हळू बोलणारा माणूस असा खदखदून हसला, की नर्स धावत आली आणि सलाईनचा स्टँड हलायला लागला. मॅडम हसल्या, अण्णा हसले. मी रडत होतो की हसत होतो ते मला अजून कळलेलं नाही.

डोळे पुसून साहेबांनी गोफाची गाठ सोडली, एक नाणं काढलं आणि दोन्ही हातांनी मला परत दिलं. मॅडम म्हणाल्या, "पाच मोनमध्ये नावाडी नेत नाही म्हणतात. तेव्हा सध्या इथंच थांबतो."

नाणं उलटून बघितलं. पाठीवर अक्षर. माझं बुद्धाचं नाणं! जीव परत आल्यासारखं झालं, त्यांचा आणि माझा, दोघांचाही.

तेनपोचं काय? काही नाही. निघायच्या दिवशी आम्ही साहेबांना गुळाचा रवा, म्हणजे छोटी ढेप, बांधून दिली आणि त्यांनी मला एक बॉलपेन दिलं. चांगलं होतं, निळं. किल्ल्या खिशात घातल्या, लांबट नाणं एकदा चमकलं आणि गाडी निघाली. मी म्हटलं, जाऊ दे. आपली लायकी बॉलपेनचीच.

घरी आलो, अल्बम उघडला. दवाखान्यातून आणून परत ठेवलेलं बुद्धाचं नाणं जागेवर नाही!

"आई, इथलं नाणं कुठं गेलं?"

"त्ये व्हय?" आई गहू निवडत होती. "गुळात घातलं."

"गुळात?"

"पावण्यास्नी दिलेल्या गुळाच्या रव्यात. वरचं एक परत केलंतं न्हवं त्यांनी? लाजलं आसंल. वरचं परत आलेलं घरात ठेवू ने. रव्यात खोचलं आणि वरनं बोटानं लिंपून टाकलं. कळायचं बी न्हाय."

सांगा आता! चूक कुणाची? माझीच. कारण दवाखान्यातली खरी भानगड मी आईला सांगितलीच नव्हती. तिनं इतक्या श्रद्धेनं नेलेल्या शेवंतीचा तिकडं काय अर्थ होतो, हे सांगायचा धीर झाला नव्हता. 'पावण्याला जास्त वाटलं, एक परत दिलं,' एवढंच बोललो होतो. आणि आता तो भला माणूस घरी पोचणार, मरणाच्या दारातून आला म्हणून सगळं घर गोळा होणार, गूळ कापणार, आणि आतून काय निघणार? राहिलेलं एक! म्हणजे मी घरात घुसून, बायकोपोरांदेखत त्याला सांगणार, साहेब, भाडं पूर्ण झालं, निघा!

सुमन कपाळाला हात लावून बसली. आईला तेव्हा सगळं सांगितलं. आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मग त्यो मेला तर न्हाय न्हवं?" एवढं विचारून पुन्हा गहू निवडायला लागली.

पुढं ऑर्डर आली. अण्णा माझ्याशी बोलायला लागले, फक्त मराठीत. पण हिरानोसानांकडून माझ्यासाठी शब्द नाही. गल्लीत मात्र रंगामामांनी सगळी हकिगत इतकी सांगितली, की शेंबड्या पोराला विचारा, जपानात मरायला किती लागतात? सहा!

काही महिन्यांनी दुभाषी मॅडम दुसऱ्या पाहुण्यांबरोबर आल्या त्या थेट आमच्या घरीच. हातात छोटी लाकडी डबी.

"हिरानोसानांनी दिलीय. आणि निरोप शब्दशः सांगायला बजावलंय."

मी डबी उघडली. आत कापसावर तेनपो. लांबट, तांबूस, आजोबांच्या आणि नातवाच्या खिशात झिजून गुळगुळीत झालेलं.

मॅडम हात जोडून, अगदी साहेबांसारख्या हळू आवाजात म्हणाल्या, "दत्तासान, गुळातलं नाणं मिळालं. आता माझं भाडं पूर्ण झालं. घाई नाही, पण तयारी आहे. तुमची मात्र काहीच तयारी दिसत नाही, म्हणून हे पाठवतो. हे शंभर मोनचं आहे. माणशी सहा धरले तर सोळा माणसं पार होतात. शेजाऱ्यांनाही बरोबर घ्या."

आई कोपऱ्यातून म्हणाली, "सोळा सक शहाण्णव. मग चार राह्यले की."

मॅडम हसल्या. "आजी, तेही त्यांनी सांगितलंय. उरलेले चार, वर."

आईनं डोळ्याला पदर लावला. "शिकलं बघ पावणं," ती म्हणाली.

ते तेनपो मी अल्बममध्ये ठेवलं नाही. साहेबांसारखंच किल्ल्यांच्या कडीत घातलं. नाणं जाणणारी माणसं नावं ठेवतात, ठेवू देत.

आता गेल्या आठवड्याचंच सांगतो. रंगामामा दवाखान्यात होते, पित्ताच्या खड्याचं काहीतरी. म्हटलं, माणूस म्हातारा झालाय, बघून यावं. हार नाही, उदबत्ती नाही, नुसतं एक शहाळं घेतलं. मामांनी मला दारात बघितलं आणि सलाईनचा हात वर केला.

"थांब तितंच! आदी खिसं उलटं कर."

"मामा, काहीतरीच काय!"

"कर म्हणतो न्हवं!"

सगळा वॉर्ड बघत होता. काय करणार? शहाळं खाली ठेवलं आणि खिसे उलटे केले. किल्ल्या खणकन् फरशीवर पडल्या आणि कडीतून निसटलेलं लांबट नाणं गोल फिरून मामांच्या कॉटखाली जाऊन थांबलं. मामांनी वाकून बघितलं, आणि ओरडले ते पार खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

"सिस्टर! ह्येला भायेर काढा! शंभराचं घिऊन आलाय, सगळा वॉर्ड न्ह्याला आलाय ह्यो!"